पाण्यातून हाडांत : फ्लोरोसिसच्या शोधाची कहाणी

पहिली तक्रार बैलांविषयी होती. तत्कालीन मद्रास इलाख्यात नेल्लोर जिल्ह्याच्या कोरड्या पश्चिम भागातील शेतकऱ्यांच्या असे लक्षात आले की, ऐन उमेदीतले बैल नांगराला चालेनासे झाले आहेत. त्यांचे पाय ताठत, सांधे वळत नसत. बैल विकून दुसरा आणला तरी काही वर्षांत त्याचीही तीच गत होई. माणसांचेही काही वेगळे नव्हते. तिशी-चाळिशीतले पुरुष मान वळवू शकत नसत. मागे पाहायचे तर त्यांना सगळे अंगच फिरवावे लागे. काहींची पाठ वाकून तशीच घट्ट राहिली होती. लोक याला म्हातारपण म्हणत, वात म्हणत, नाहीतर नशीब म्हणत.

आपण वर्गात रोगांविषयी शिकवतो तेव्हा तीन प्रकारची कारणे सांगतो : जंतू, ते पसरवणारे डास-माश्या आणि आहारातील एखाद्या घटकाची उणीव. नेल्लोरचा रोग या तिन्हींत बसत नव्हता. एकाचा दुसऱ्याला होत नव्हता. डास मारून हटत नव्हता. आणि ज्या विहिरींचे पाणी लोक पीत होते ते स्वच्छ, थंड आणि चवीला चांगले होते. रोगाचे मूळ या पाण्यातच आहे हे कसे कळले, आणि कळल्यानंतरही तो रोग इतकी वर्षे का टिकला, याची ही गोष्ट आहे.

तीन देश, तीन धागे

हा शोध एका जागी लागलेला नाही. पहिला धागा दातांचा. अमेरिकेत कोलोरॅडो स्प्रिंग्ज या गावी फ्रेडरिक मॅके नावाचे तरुण दंतवैद्य १९०१ साली व्यवसायासाठी आले. तिथे वाढलेल्या अनेकांच्या दातांवर तपकिरी डाग त्यांना दिसले. बाहेरून मोठेपणी आलेल्यांचे दात मात्र स्वच्छ असत. याचा अर्थ, दात तयार होत असतानाच काहीतरी घडत होते. पाण्यावर मॅके यांचा संशय होता, पण त्या काळच्या नेहमीच्या पृथक्करणात पाण्यात वावगे काहीच सापडत नव्हते. अखेर १९३१ साली अ‍ॅल्युमिनिअम कंपनीतील रसायनतज्ज्ञ एच. व्ही. चर्चिल यांनी वर्णपटाच्या साहाय्याने अशा पाण्याची तपासणी केली आणि कोणाच्या ध्यानीमनी नसलेले मूलद्रव्य हाती आले : फ्लोरीन.

दुसरा धागा कोपनहेगनचा. तिथे क्रायोलाइट या फ्लोरीनयुक्त खनिजाची भुकटी करणारा कारखाना होता. भुकटीमुळे कामगारांच्या फुप्फुसांवर काय परिणाम होतो हे पाहण्यासाठी मॉलर आणि गुडयॉनसन या डॉक्टरांनी त्यांची क्ष-किरण चित्रे काढली. फुप्फुसे पाहता पाहता त्यांचे लक्ष हाडांकडे गेले. बरगड्या आणि मणके नेहमीपेक्षा कितीतरी दाट, पांढरे दिसत होते. हे १९३२ साली प्रसिद्ध झाले. १९३७ मध्ये काय रोहोम यांनी या विषयावर सविस्तर ग्रंथच लिहिला.

तिसरा धागा आपल्याकडचा. त्याच १९३७ साली मद्रासजवळच्या गिंडी येथील किंग इन्स्टिट्यूटमधील एच. ई. शॉर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नेल्लोरच्या रुग्णांचे वर्णन प्रसिद्ध केले. सहकाऱ्यांत चिंतामण गोविंद पंडित आणि राघवाचारी होते. हेच पंडित पुढे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचे पहिले संचालक झाले. या मंडळींनी तिन्ही धागे एकत्र आणले. गावातील मुलांचे दात डागाळलेले होते, प्रौढांच्या हाडांची क्ष-किरण चित्रे कोपनहेगनच्या कामगारांसारखी होती आणि विहिरींच्या पाण्यात फ्लोराइड भरपूर होते. इथे कारखाना नव्हता, भुकटी नव्हती. जमिनीखालचा खडकच हे काम करत होता. पाण्यातून माणसाच्या सांगाड्याला होणाऱ्या फ्लोरोसिसची भारतातील ही पहिली ठळक नोंद. नेल्लोरचा हा दर्शी-पोदिलीचा भाग पुढे १९७० साली नव्या प्रकाशम जिल्ह्यात गेला.

हाडांत काय घडते?

आपल्या हाडांचा व दातांचा खनिज भाग मुख्यतः हायड्रॉक्सिअ‍ॅपेटाइट या कॅल्शिअमच्या फॉस्फेटचा असतो. त्यातील हायड्रॉक्सिल आयनाचा आकार आणि विद्युतभार फ्लोराइड आयनाशी मिळताजुळता असतो. त्यामुळे रक्तातून आलेला फ्लोराइड त्याची जागा सहज घेतो. पाण्यातून शोषलेल्या फ्लोराइडपैकी जवळपास निम्मा भाग मूत्रावाटे निघून जातो, उरलेला बहुतेक सगळा हाडांत साठतो. वाढत्या वयाच्या मुलांत तर साठण्याचे प्रमाण आणखी जास्त असते.

फ्लोराइडमुळे हाड तयार करणाऱ्या पेशींना चालना मिळते, पण होणारे हाड ओबडधोबड असते. हाड जाड होते, त्यावर टोके फुटतात आणि सांध्यांना बांधून ठेवणाऱ्या बंधांतही चुना जमू लागतो. मणके एकमेकांना जखडले जातात. दोन मणक्यांमधून बाहेर पडणाऱ्या मज्जातंतूंना आणि खुद्द मज्जारज्जूला जागा अपुरी पडते. हातपाय लुळे पडतात ते यामुळे. पतियाळा येथील वैद्यकीय महाविद्यालयाचे अमोलक सिंग, एस. एस. जॉली आणि त्यांचे सहकारी यांनी पंजाबातील रुग्णांचा अभ्यास करून १९६१ ते १९६३ या काळात हा मज्जातंतूंचा भाग जगापुढे मांडला. फ्लोरोसिसवरील लेखनात त्या निबंधांचा उल्लेख आजही होतो.

एकदा जखडलेला कणा मोकळा करणारे औषध नाही. आहे तो फक्त प्रतिबंध. म्हणून या रोगाच्या इतिहासात डॉक्टरांइतकेच, किंबहुना जास्तच, महत्त्व पाण्याच्या अभियंत्यांना आहे.

किती फ्लोराइड घातक? भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात ते लिटरमागे १ मिलिग्रॅमपर्यंत असावे, आणि दुसरा स्रोतच नसेल तर १.५ मिलिग्रॅमपर्यंत चालेल. साधारणतः ३ ते ६ मिलिग्रॅमच्या पुढे हाडांवर परिणाम दिसू लागतात आणि १० मिलिग्रॅमच्या वर माणूस अपंग होऊ शकतो, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. पण केवळ लिटरमागचा आकडा पाहून भागत नाही. समजा, थंड प्रदेशातील एखादा कारकून १ मिलिग्रॅमचे पाणी दिवसाला दीड लिटर पितो. त्याच्या पोटात दीड मिलिग्रॅम फ्लोराइड जाते. आपल्याकडचा शेतमजूर उन्हात राबून ४ मिलिग्रॅमचे पाणी पाच लिटर पितो. त्याच्या पोटात २० मिलिग्रॅम जाते. पाण्यातील प्रमाण चौपट, पण पोटात गेलेले तेरा पटींहून अधिक! त्यातच आहारात कॅल्शिअम आणि क जीवनसत्त्व कमी असेल तर तेच फ्लोराइड अधिक बाधते. म्हणजे रोग खडकातून येत असला तरी तो गरिबालाच जास्त गाठतो.

चांगले लागणारे पाणी

फ्लोराइड पाण्यात येते ते खडकातील फ्लोराइट, अ‍ॅपेटाइट, अभ्रक अशा खनिजांतून. ग्रॅनाइट आणि नाइस या जुन्या खडकांत ती अधिक सापडतात. पण नुसते खनिज असून भागत नाही, पाणीही तसे लागते. कॅल्शिअम फ्लोराइड फारसे विरघळत नाही. त्यामुळे पाण्यात कॅल्शिअम भरपूर असेल तर फ्लोराइडला आपोआप आळा बसतो. कोरड्या प्रदेशात मात्र पाण्यातील कॅल्शिअम जमिनीत चुनखडीच्या रूपाने बसते आणि पाण्यात सोडिअम व बायकार्बोनेट उरतात. अशा पाण्यात फ्लोराइड वाढू शकते. अकरावी-बारावीच्या विद्यार्थ्यांना विद्राव्यता गुणाकार शिकवताना याहून जिवंत उदाहरण मिळणे कठीण.

यात एक क्रूर विनोदही आहे. कॅल्शिअम कमी म्हणजे पाणी मृदू. मृदू पाण्यात साबणाला फेस येतो, डाळ लवकर शिजते. म्हणजे जे पाणी बाया-माणसांना चांगले वाटते, तेच हाडांना घातक असू शकते. रंग नाही, वास नाही, चव नाही. उकळूनही फ्लोराइड जात नाही. उलट पाण्याची वाफ होऊन उरलेल्या पाण्यात त्याचे प्रमाण वाढते.

महाराष्ट्राचा मोठा भाग बेसॉल्टचा आहे आणि तिथे फ्लोराइडचे प्रमाण बहुधा कमी असते. त्यामुळे आपल्याकडे अनेकांना हा रोग ऐकूनही माहीत नसतो. पण यवतमाळ, चंद्रपूर आणि नांदेड जिल्ह्यांतील काही गावांत फ्लोराइडयुक्त पाणी आणि डागाळलेले दात या ओळखीच्या गोष्टी आहेत.

हापसा आला, आणि…

१९६० नंतर दुष्काळांनी देशाला खोल पाण्याकडे वळवले. उघड्या विहिरी आणि तळ्यांच्या पाण्याने पटकी, हगवण, नारू होत असे. खडक फोडून घेतलेली विंधण विहीर आणि तिच्यावर बसवलेला हापसा हे त्यावरचे खात्रीचे उत्तर होते. जालना आणि सोलापूर येथे तयार झालेल्या दणकट पंपांच्या अनुभवावरून, युनिसेफच्या सहभागाने, १९७० च्या दशकात ‘इंडिया मार्क टू’ हा हातपंप घडवण्यात आला. पुढे तो देशभर आणि परदेशांतही गेला. त्याने असंख्य मुलांचे जीव वाचवले असतील यात शंका नाही.

पण फ्लोराइडच्या पट्ट्यात याच विहिरी खोल खडकातले, अनेक वर्षे खनिजांच्या सहवासात राहिलेले पाणी वर आणू लागल्या. जंतूंसाठी पाणी तपासले जाई, फ्लोराइडसाठी क्वचितच. एका रोगावरचा उपाय दुसऱ्या रोगाची वाट बनला. यात कोणाचा दुष्ट हेतू नव्हता. ‘स्वच्छ पाणी’ या शब्दांचा अर्थ आपण फार अरुंद घेतला, एवढेच.

नलगोंडा : धरण, ज्वारी आणि गुडघे

हैदराबादच्या पूर्वेकडील नलगोंडा जिल्ह्याचे नाव या रोगाशी कायमचे जोडले गेले आहे. तिथल्या रुग्णांविषयी ए. एच. सिद्दिकी यांनी १९५५ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये लिहिले. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये कृष्णेवर नागार्जुनसागर धरणाची पायाभरणी झाली. १९६७ मध्ये कालव्यांना पाणी सुटले.

त्यानंतर काही वर्षांतच एक नवीनच प्रकार दिसू लागला. किशोरवयीन मुलांचे, त्यातही जास्त करून मुलग्यांचे, गुडघे आत वळून एकमेकांवर आपटू लागले. पावले मात्र एकमेकांपासून दूर पडत. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेतील कृष्णम्माचारी आणि कमला कृष्णस्वामी यांनी १९७३ मध्ये लॅन्सेट या नियतकालिकात याची नोंद केली. गंमत अशी की, या मुलांचा कणा फ्लोरोसिसमध्ये होतो तसा दाट झालेला होता, पण हातापायांची हाडे उलट विरळ झाली होती. ही मुले बहुतेक गरीब घरांतली होती आणि त्यांचे मुख्य अन्न होते ज्वारी.

संशोधकांनी मांडलेली साखळी अशी. धरण-कालव्यांच्या पाझराने भूजलाची पातळी वर आली आणि जमिनीचा अल्कधर्मी गुण वाढला. अशा जमिनीतून ज्वारी मॉलिब्डेनम हे मूलद्रव्य जास्त उचलते. जास्त मॉलिब्डेनममुळे शरीरातील तांबे मूत्रावाटे निघून जाते, आणि मजबूत हाडासाठी तांब्याची गरज असते. त्यातच फ्लोराइडची भर. १९७७ साली याच संस्थेच्या अभ्यासांत दोन दुवे तपासले गेले. रोग असलेल्या भागातील धान्यात मॉलिब्डेनम आणि तांबे यांचे प्रमाण पाहिले गेले, आणि भाताच्या आहारापेक्षा ज्वारीच्या आहारावर शरीरात फ्लोराइड अधिक टिकून राहते असे दिसले.

इथे आपण, भाकरी खाणाऱ्यांनी, दचकण्याचे कारण नाही. महाराष्ट्रात पिढ्यान्‌पिढ्या ज्वारी खाल्ली जाते आणि गुडघे सरळ राहतात. ज्वारी हे रोगाचे कारण नव्हते. फ्लोराइडच्या पाण्याबरोबर, एकसुरी आणि निकृष्ट आहारात तीच एकटी आली तेव्हा ती रोगाला मदत करणारी ठरली. साखळीतील सगळे दुवे सारखे भक्कम नव्हते, आणि मॉलिब्डेनम-तांब्याचा दुवा गृहीतकाच्या पातळीवरच राहिला. तरीही या संशोधनाने एक मोठी गोष्ट शिकवली. खडक, पाणी, पीक, ताट आणि मजुरी या पाचही गोष्टी एकत्र पाहिल्याशिवाय असा रोग कळत नाही.

नागपूरची बादली

पाण्यातून फ्लोराइड काढायचे कसे? याचे खेड्याला परवडणारे उत्तर नागपूरहून आले. १९५८ साली तिथे सार्वजनिक आरोग्य अभियांत्रिकी संशोधनाची केंद्रीय संस्था सुरू झाली होती. तीच १९७४ पासून ‘नीरी’ म्हणून ओळखली जाते. तेथील नवलाखे, कुलकर्णी, पाठक आणि बुलुसू यांनी १९७५ मध्ये जी पद्धत प्रसिद्ध केली तिला ‘नलगोंडा तंत्र’ असे नाव मिळाले.

सामान अगदी घरगुती : तुरटी, चुना आणि ब्लीचिंग पावडर. तळापासून थोड्या उंचीवर तोटी बसवलेली सुमारे ४० लिटरची बादली घ्यायची. पाण्यातील फ्लोराइड आणि अल्कता मोजून ठरवलेल्या प्रमाणात ही द्रव्ये घालायची. आधी जोराने ढवळायचे, मग दहा मिनिटे सावकाश. तुरटीपासून अ‍ॅल्युमिनिअम हायड्रॉक्साइडचे कापसासारखे पुंजके तयार होतात आणि फ्लोराइड त्यांना चिकटते. तासाभरात पुंजके तळाशी बसले की तोटीतून वरचे पाणी काढून घ्यायचे. हीच क्रिया मोठ्या टाक्यांत करून सबंध गावालाही पाणी देता येते. हे तंत्र पुढे टांझानिया, केनिया, इथिओपिया या देशांपर्यंत पोचले.

मग प्रश्न सुटला का? नाही. तुरटी बरीच लागे. तळाशी उरलेल्या फ्लोराइडयुक्त गाळाचे काय करायचे, हा प्रश्न राहिला. प्रमाण चुकले तर पाण्याची चव बिघडे आणि अ‍ॅल्युमिनिअम मागे राही. आणि मुख्य म्हणजे, हे काम रोज, वर्षानुवर्षे, न चुकता करायचे होते. घरात ते कोणावर पडणार होते? जिच्या डोक्यावर आधीच हंडा होता तिच्यावर. ज्या रोगाची वेदना वीस वर्षांनी सुरू होणार, त्याच्यासाठी आज रोज तास-दीड तास काढणे सोपे नसते. अनेक गावांतील संयंत्रे सुरू झाली आणि बंद पडली. ‘सक्रिय अ‍ॅल्युमिना’ भरलेली गाळणी हा १९९० च्या दशकातील दुसरा पर्याय. पण तिचाही भुगा ठरावीक काळाने रसायनांनी धुऊन पुन्हा कामी आणावा लागतो.

४८० उमेदवार

१९८६ साली केंद्र सरकारने पिण्याच्या पाण्याचे तंत्रज्ञान मिशन सुरू केले आणि त्यात फ्लोरोसिसलाही स्थान मिळाले. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतील ए. के. सुशीला यांनी निदान आणि प्रतिबंधाच्या कामाला वेग दिला. पण नलगोंडाच्या लोकांचा धीर सुटत चालला होता. त्यांचे म्हणणे साधे होते : बादल्या नकोत, कृष्णेचे पाणी द्या. जलसाधन समितीच्या आंदोलनातून १९९६ च्या लोकसभा निवडणुकीत या एका मतदारसंघात तब्बल ४८० उमेदवार उभे राहिले. देशाने त्या दिवसांत फ्लोरोसिस हा शब्द ऐकला, तो वैद्यकीय नियतकालिकामुळे नव्हे. त्याच वर्षी कायदा बदलून लोकसभा उमेदवाराची अनामत रक्कम ५०० रुपयांवरून १०,००० रुपये करण्यात आली. पाणी मिळायला मात्र आणखी वेळ लागला.

२००८-०९ मध्ये फ्लोरोसिस प्रतिबंध व नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. तेलंगण राज्य झाल्यावर ‘मिशन भगीरथ’ या योजनेचे २०१६ मध्ये उद्‌घाटन झाले आणि कृष्णा-गोदावरीचे शुद्ध केलेले पाणी नळाने गावोगावी नेण्यात आले. म्हणजे ऐंशी वर्षांच्या संशोधनाचे सार अखेर असे निघाले : रोज पाणी दुरुस्त करत बसण्यापेक्षा चांगल्या पाण्याचा स्रोत देणे अधिक टिकाऊ. पण ज्यांचे कणे आधीच जखडले गेले, त्यांच्यासाठी हे पाणी उशिरा आले.

आपल्या वर्गात

शिक्षकांसाठी या इतिहासात एक व्यवहारी धडा आहे. हाडांतील बदल दिसायला पंधरा-वीस वर्षे लागतात, पण दात लवकर बोलतात. कायमच्या दातांचे बाह्य कवच साधारण आठव्या वर्षापर्यंत तयार होते. त्या काळात पोटात गेलेल्या फ्लोराइडची नोंद दातांवर राहते. खडूसारखे पांढरे ठिपके, मग पिवळे-तपकिरी आडवे पट्टे, आणि ते उजव्या-डाव्या बाजूच्या जोडीच्या दातांवर सारखेच. घासून ते जात नाहीत. मिश्री किंवा तंबाखूचे डाग वेगळे, ते पृष्ठभागावर असतात. एका मुलाच्या दातावरून काहीच ठरत नाही. पण एकाच वस्तीतून येणाऱ्या अनेक मुलांच्या दातांवर असे पट्टे असतील, तर त्या वस्तीच्या हापशाचे पाणी जिल्हा प्रयोगशाळेत फ्लोराइडसाठी तपासून घ्यायला हवे. जवळच दुसरी विहीर असेल तर तिचेही तपासावे. एकाच गावात दोन विहिरींच्या पाण्यात मोठा फरक असू शकतो, आणि काही वेळा तेवढ्यानेच प्रश्न सुटतो.

दूध, हिरव्या भाज्या, आवळा, लिंबू यांचा उपयोग होतो. शाळकरी मुलांना चिंच दिल्यावर मूत्रावाटे फ्लोराइड अधिक बाहेर पडते, असे हैदराबादच्या पोषण संस्थेने २००२ मध्ये दाखवले. मात्र चांगल्या पाण्याची जागा चिंच घेऊ शकत नाही.

आणि एक काळजी घ्यावी. ज्यांचे दात डागाळलेले असतात ती मुले हसताना तोंडावर हात धरतात. ‘दात घासत नाहीस का?’ असे त्यांना विचारले जाते. त्यांचा दोष नाही, त्यांच्या पायाखालच्या खडकाचा आहे, हे सगळ्या वर्गाला समजावून सांगणे हासुद्धा विज्ञानाचाच पाठ आहे.